चित्रवहीतला नंदुरबार

मैत्रिणींनो, नंदुरबारचं नाव तुमच्या कानावर आलेलं असतं ते बहुधा मिरचीच्या निमित्तानं, नाहीतर सुरत-भुसावळ मार्गावरचं एक स्टेशन म्हणून. ‘तिकडं पाहायला काय आहे गं?’ असं माझ्या माहेरची मंडळी दर दिवाळीला विचारतात. आमच्या ‘ह्यां’ची बदली शहाद्याला झाली आणि आमचं बिऱ्हाड इकडं आलं, त्याला आता सहा वर्षं होतील. आज मी तुम्हांला हा मुलूख दाखवणार आहे, पण तो एका आठवीतल्या मुलीच्या चित्रवहीतून.

आधी थोडी ओळख करून देते. पूर्वी हा सगळा भाग धुळे जिल्ह्यात होता. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार वेगळा जिल्हा झाला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी (म्हणजेच धडगाव) असे सहा तालुके. मधून तापी वाहते, उत्तरेला सातपुडा, आणि सातपुड्याच्या पलीकडे नर्मदा. २०११ च्या जनगणनेप्रमाणे इथल्या दर शंभर माणसांत सुमारे एकोणसत्तर आदिवासी आहेत : भिल्ल, पावरा, मावची, कोकणी आणि इतरही. बाजारात अहिराणी, गुजराती, भिलोरी आणि मराठी एकाच तागडीत तोलल्या जातात. पहिले सहा महिने मी भाजीवाल्या मावशीशी खुणांनीच बोलत होते म्हणा ना!

आता चित्रकलेचं कसं झालं ते सांगते. मी मराठी घेऊन बी. ए. झालेली. इथल्या एका शाळेत आठवड्यातून तीन दिवस जाते. त्या शाळेत चित्रकलेचे शिक्षक नव्हते. बाई रांगोळी बरी काढतात, एवढ्या पात्रतेवर तो तास माझ्या पदरात पडला. वेळापत्रकात हा तास अगदी शेवटी, शनिवारी. परीक्षा जवळ आली की तो गणिताला द्यायचा, हे कुणी न सांगता ठरलेलं. तरीही त्या चाळीस मिनिटांत मुलं जितकी बोलतात तितकी माझ्या व्याकरणाच्या तासाला कधीच बोलत नाहीत.

पहिल्या दिवशी ‘निसर्गचित्र काढा’ म्हटलं, तर सगळ्या वर्गानं एकच चित्र काढलं. दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी, कडेला झोपडी आणि झोपडीवर झुकलेलं नारळाचं झाड. तुमच्या मुलांच्या वह्या उघडून पाहा, तिथंही हेच चित्र सापडेल. गंमत अशी, की आमच्या वर्गाच्या खिडकीतून खराखुरा सातपुडा दिसतो. आणि तो त्रिकोणी नाही! लांबच लांब, पाठ टेकून निजलेल्या बैलासारखा आहे. पावसाळ्यात हिरवा, उन्हाळ्यात करडा आणि होळीच्या सुमाराला पळसामुळे जागोजाग पेटल्यासारखा.

तिसऱ्या बाकावर एक मुलगी होती. धडगावच्या पलीकडच्या एका पाड्यावरची, इथं वसतिगृहात राहून शिकणारी. तिला विचारलं, ‘‘हे नारळाचं झाड कुठं पाहिलंस?’’

‘‘पुस्तकात, बाई.’’

‘‘तुझ्या घराजवळ कोणतं झाड आहे?’’

‘‘मोह.’’ मग जरा थांबून, ‘‘पण ते चित्रात चालतं का?’’

हा प्रश्न मला पुरून उरला. तेव्हाच ठरवलं, की या वर्षी वर्गाला एक प्रकल्प द्यायचा. प्रत्येकानं एक चित्रवही करायची. त्यात पाच चित्रं, पण पाहून उतरवलेली नकोत. आणि प्रत्येक चित्राखाली दोन ओळी लिहायच्या : ‘हे मला कुठं सुचलं.’ तिनं भरलेली वहीच आता तुमच्यापुढं उघडते.

पान पहिलं लालभडक आहे. नंदुरबारच्या आसपास थंडीच्या दिवसांत गेलात, तर मोकळ्या माळांवर मैलभर लाल गालिचे अंथरल्यासारखे दिसतात. त्या मिरचीच्या पथाऱ्या. शेतातून आलेली ओली लाल मिरची इथं उन्हात वाळवतात. ती फिरवायची, निवडायची, देठ खुडायचे ही सगळी कामं बहुतेक बायकांच्या हातची. वाऱ्याची झुळूक आली की रस्त्यानं जाणाऱ्यालाही ठसका लागतो. फोटो काढणारे येतात, त्यांना तो लाल रंगच दिसतो. या मुलीची मावशी पथारीवर कामाला जाते. हिच्या चित्रात लाल रंगाच्या मधोमध पाच बायका आहेत, तोंडाला पदर गुंडाळलेल्या, आणि त्यांचे हात चक्क निळे! कडेला झोळीत एक तान्हं मूल. खाली लिहिलंय : ‘मावशीचे हात रात्री जळतात. ती पाण्यात बुडवून बसते. म्हणून निळे.’

मी तिखटाचा डबा उघडते तेव्हा आताशा ते निळे हात डोळ्यांपुढं येतात.

पान दुसरं सारंगखेड्याचं. शहादा तालुक्यात तापीच्या काठी हे गाव आहे. तिथं एकमुखी दत्ताचं देऊळ आहे आणि मार्गशीर्षात दत्तजयंतीला जी यात्रा सुरू होते, ती घोड्यांच्या बाजारासाठी देशभर नावाजलेली आहे. काठेवाडी, मारवाडी, पंजाबकडचे पांढरेशुभ्र नुकरा, एकेकाचा डौल पाहात राहावा. आमच्या वर्गातल्या मुलांनी झूल घातलेले, दोन पायांवर उभे राहून नाचणारे घोडे काढले, आणि छानच काढले. हिनं घोडा काढला तो फक्त गुडघ्यापर्यंत. चार पाय, त्यातला एक दुमडून एका माणसाच्या मांडीवर घेतलेला, आणि तो माणूस नाल ठोकतोय. ‘मी बुटकी आहे. गर्दीत मला एवढंच दिसलं,’ ही खालची ओळ. वाचून आम्ही शिक्षकखोलीत हसलो खरं, पण चित्र भिंतीवर लावलं तेव्हा सगळ्यांत जास्त वेळ मुलं त्याच्याच पुढं उभी होती.

तिसरं पान प्रकाशाचं. प्रकाशे हे गाव नंदुरबार-शहादा रस्त्यावरच लागतं. तापी आणि गोमाईचा संगम, काठावर केदारेश्वराची, संगमेश्वराची देवळं. लोक याला दक्षिणकाशी म्हणतात. पण या गावाची आणखी एक थोरवी फारशी कुणाला ठाऊक नसते. १९५५ मध्ये भारतीय पुरातत्त्व खात्याचे बी. के. थापर यांनी इथलं पांढरीचं टेकाड खणलं, तेव्हा खाली ताम्रपाषाण काळातली वस्ती सापडली. म्हणजे तीन हजार वर्षांपेक्षाही जुनी. त्यात खापरं निघाली, लाल मडक्यांवर काळ्या रंगानं काढलेल्या रेघा आणि नक्षी असलेली. आम्ही मुलांची एक दिवसाची सहल तिथं नेली होती. घाटावर डबे खाता खाता मी हे सांगितलं. मुलांनी मन लावून ऐकलं, आणि या मुलीनं विचारलं, ‘‘बाई, ते मडकं रंगवणारी बाई होती का?’’

याचं उत्तर खापरावर लिहिलेलं नसतं. पण तिच्या प्रश्नानं मला पुढच्या तासाचा विषय दिला. मी वर्गाला वारल्यांच्या चौकाची गोष्ट सांगितली. डहाणू-तलासरीकडे लग्नघरात तांदळाच्या पिठानं भिंतीवर चौक लिहायचा मान सुवासिनींचा. १९७० नंतरच्या काळात भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार तिथं कागद घेऊन गेले, आणि भिंतीवरची ती चित्रं जगापुढं आली. त्यातलेच जिव्या सोमा मशे. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. मग भुरीबाईंची गोष्ट सांगितली. झाबुआ जिल्ह्यातल्या पिटोल गावच्या या भिल्ल बाई भोपाळला भारत भवनाच्या बांधकामावर मजुरीला होत्या. चित्रकार जे. स्वामिनाथन यांनी त्यांना विचारलं, तुमच्या घरी जशी चित्रं काढता तशी कागदावर काढाल का? मजुरीपेक्षा चित्र काढण्याचे पैसे जास्त मिळताहेत, याचंच त्यांना आधी नवल वाटलं. २०२१ मध्ये त्याही पद्मश्री झाल्या. झाबुआ काही आमच्यापासून दूर नाही. सातपुडा आणि नर्मदा ओलांडली की त्याच बाजूचा मुलूख. वर्गातल्या भिल्ल मुली त्या दिवशी ताठ बसल्या होत्या.

चौथं पान होळीचं. इथली होळी म्हणजे एका रात्रीचं काम नव्हे. आधी गावोगाव भोंगऱ्या बाजार भरतात आणि मग पाड्यापाड्यावर ढोल घुमू लागतात. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी गावची राजवाडी होळी सर्वांत प्रसिद्ध. रात्रभर नाच चालतो आणि पहाटे होळी पेटते. नवस केलेले पुरुष ‘बावा’ होतात. अंगभर पांढरे ठिपके आणि रेघा, डोक्याला मोरपिसांचा उंच टोप, कमरेला वाळलेले पोकळ दुधी आणि घुंगरू. काही दिवस ते कडक नेम पाळतात. हिच्या चित्रात बावाचा चेहरा नाही. पाठ आहे. हिचा थोरला भाऊ पाठमोरा बसलाय, काका त्याच्या पाठीवर ठिपके काढताहेत आणि अर्ध्या पाठीचे ठिपके अजून व्हायचे आहेत. ‘मी वाटी धरली होती. काका एकही ठिपका मोजत नाहीत, तरी दोन्हीकडे सारखे होतात.’ मैत्रिणींनो, रांगोळीचे ठिपके आपण मोजून काढतो आणि तरी एखादी ओळ वाकडी जातेच ना?

आता पाचवं पान. हे संकल्पचित्राचं. सरकारी कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षा तुमच्यापैकी कित्येकींनी दिल्या असतील. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र ही नावं ऐकली की रंगाच्या पाण्याचा वास येतो. संकल्पचित्रात चौकोन नाहीतर वर्तुळ देतात आणि नक्षीनं भरायला सांगतात. मुलं पाना-फुलांची वेलबुट्टी काढतात, कारण वर्षानुवर्षं तीच काढली जाते. हिनं चौकोनात काढलं ते आजीचं गोंदण. ठिपक्यांच्या रांगा, विंचवाची नांगी, बाभळीच्या काट्यासारखी एक फांदी. सगळं हिरवट काळ्या रंगात, मातकट कातडीच्या रंगावर. ‘आजी म्हणते, दागिने विकले जातात, हे विकता येत नाही.’

माझ्या आजीच्या हातावर तुळस होती, कपाळावर हिरवा ठिपका होता. तुमच्याही घरात कुणाच्या तरी असेल. लहानपणी आपण त्यावरून बोट फिरवलेलं असतं. कधी ते कागदावर उतरवावं असं मात्र मनात आलं नाही.

वर्षाअखेर शाळेत या वह्यांचं छोटंसं प्रदर्शन भरवायचं ठरलं होतं. पण दिवाळी झाली आणि धडगावकडची बरीच मुलं वसतिगृहात परतलीच नाहीत. ती कुठं जातात ते इथं सगळ्यांना ठाऊक असतं. पीक निघालं की पाडेच्या पाडे रिकामे होतात आणि माणसं ऊसतोडीला गुजरातेत जातात. आई-बाप फडात, तर धाकट्या भावंडाला कोण सांभाळणार? आठवीतली मुलगी. तिची आई तिला न्यायला आली, तेव्हा मी शाळेतच होते. शेवटच्या प्रयत्नाला म्हणून वही त्या माउलीपुढं उघडली. चार पानं तिनं मुकाट्यानं पाहिली. पाचव्यावर थांबली. आपली बाही जरा वर केली आणि हात वहीशेजारी ठेवला. हातावर तीच फांदी होती. मग ती पावरीत काहीतरी म्हणाली.

‘‘आई म्हणते, एक ठिपका कमी आहे,’’ मुलीनं सांगितलं.

पेन्सिल घेऊन तो ठिपका आईनंच काढून दिला. आयुष्यात कागदावर ओढलेली तिची ती पहिलीच खूण असावी. मला वाटलं, आता ती लेकीला ठेवून जाईल. पण तसं झालं नाही. पोट आणि तान्हं मूल यांच्यापुढं वहीचं काय चालणार? मुलगी गेली. जाताना एवढंच विचारलं, ‘‘बाई, वही नेऊ?’’

फेब्रुवारीत ती परत आली. दोन-अडीच महिने बुडाले होते. हातांवर उसाच्या पात्यांचे बारीक ओरखडे. वहीत एक जादा पान होतं. पाचटाच्या झोपड्यांची ओळ, वर चांदणं, आणि झोपडीच्या दारात चूल. रंग संपले होते, म्हणून चुलीतला कोळसा, विटेचा चुरा आणि हळद. नववीत आपण बसणार का, हे तेव्हा तिला ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं. बुडालेला अभ्यास सुट्टीच्या दिवशी माझ्या घरी येऊन तिनं भरून काढला. माझा धाकटा तिच्याकडून गेरू कालवायला शिकला. आता ती नववीत आहे. पुढची दिवाळी यायचीच आहे. इंटरमिजिएट पास झालं की दहावीला श्रेणीप्रमाणे वाढीव गुण मिळतात. तिच्या वडिलांना चित्रापेक्षा हे गुणाचं गणित जास्त पटलं, आणि त्यात वावगं काहीच नाही. तिला शाळेत टिकवायला जो धागा उपयोगी पडेल तो घट्ट धरायचा, असं माझं मत आहे.

प्रदर्शन झालं. एक पाहुणे वही चाळत म्हणाले, ‘‘वा! अस्सल आदिवासी कला!’’ ते गेल्यावर तिनं मला हळूच विचारलं, ‘‘बाई, घोड्याच्या पायाचं चित्रसुद्धा आदिवासी का?’’ मी म्हटलं, ‘‘चित्राखाली तुझं नाव लिही. मोठ्या अक्षरात.’’

आता थोडं आपल्या घराकडे वळू. मुलांना चित्र सुचत नाही, ती सारखी मोबाईलमधलं नाहीतर पुस्तकातलं उतरवतात, अशी तक्रार पुष्कळ जणी करतात. त्यांच्यासाठी अनुभवाच्या चार गोष्टी सांगते. ‘काय काढू?’ असं मुलानं विचारलं, तर विषय देऊ नका, उलट प्रश्न विचारा : आज शाळेतून येताना काय पाहिलंस? ते कसं दिसत होतं? तू कुठं उभा होतास? रंग महाग आहेत म्हणून अडू नका. गेरू, कोळशाची पूड, तांदळाची पिठी, हळद हे घरात असतंच. हळदीत चिमूटभर चुना घातला की लाल रंग होतो, मात्र चुन्याचं काम आपण करावं, मुलांच्या हाती देऊ नये. पळसाची फुलं उकळली की सुरेख केशरी पाणी निघतं. रंग कागदाला धरून राहावा म्हणून बाभळीचा डिंक भिजवून त्यात मिसळावा. ब्रश नसेल तर बांबूची काडी टोकाशी ठेचून कुंचला करा. वारली मंडळी तसाच करतात. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, चित्राखाली ‘हे मला कुठं सुचलं’ या दोन ओळी लिहून घ्या. चित्र जुनं होईल, पण त्या ओळी वीस वर्षांनी वाचताना तुम्हांला तुमचं मूल पुन्हा भेटेल.

आणि हो, इकडं यायचं मनात असेल तर ऋतू पाहून या. पावसाळा सरता सरता आलात, तर शहाद्याहून घाट चढून तोरणमाळला जा. सुमारे साडेअकराशे मीटर उंचीवर यशवंत तलाव आहे आणि सीताखाईचा कडा आहे. थंडीत आलात तर मिरचीच्या पथाऱ्या आणि सारंगखेड्याचा बाजार, फाल्गुनात आलात तर होळी. होळीला जाताना एक पथ्य पाळा : ते नाच करणारे नेमात असतात, तेव्हा त्यांना विचारल्याशिवाय फोटो काढू नका. सोबत मुलं असतील तर त्यांच्या पिशवीत एक कोरी वही आणि पेन्सिल नक्की टाका. शहाद्यात उतरलात तर आमच्याकडे शेवभाजी आणि कळण्याची भाकरी खाऊनच पुढं निघायचं. तिखट कमी घालीन, काळजी नको!